करीच्या दिवशी सापाची बाग

पांढुर्ण्याच्या चंद्रकलाबाईसमोर गोटमारीला कोणी खेळ म्हटलं की तिचं डोकं फिरायचं. पोट्टे गिल्ली-दांडू खेळोत, पत्ते खेळोत, तिचं काही म्हणणं नव्हतं. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, जाम नदीत जे चालते त्याला खेळ म्हणायचं? ती तोंडावर सांगायची, "खेळ आहे नं? मंग तुमच्या बुढ्या मायले धाडा खेळाले."

ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगायला पाहिजे. नदीच्या मधात पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात. अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव. सकाळपासून दोन्हीकडून गोट्यांचा मारा. झाड तोडून झेंडा जो नेईल तो जिंकला. कोणाचं डोकं फुटते, कोणाचे दात जातात, एखाद्या साली माणूसच जातो. जुन्या काळी पांढुर्ण्याच्या पोराने सावरगावची पोरगी पळवली आणि ती दोघं नदीतच गोट्यांखाली मेली, त्याची ही आठवण म्हणे. मेली ती जीव लावणारी माणसं, आणि आठवण ठेवली ती गोट्यांची! वा रे गाव!

चंद्रकलाबाई सावरगावची लेक आणि पांढुर्ण्याची सून. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी तिचा धाकटा भाऊ श्रावण पळसापर्यंत पोचला, हात झाडाला लागला, तेवढ्यात अलीकडून गोटा आला आणि त्याचा डावा डोळा गेला. अलीकडे त्या वेळी सगळ्यांत पुढे कोण होता? तिचा नवरा तुळशीराम. गोफण फिरवण्यात त्याचा हात धरणारा गावात दुसरा नव्हता. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा तिने दारातच विचारलं, "श्रावणले कोनाचा गोटा लागला?"

तुळशीरामने पाय धुतले, मटणाच्या ताटावर बसला आणि म्हणाला, "गोट्याले नाव नसते."

हा त्याचा एकट्याचा शहाणपणा नव्हता, दोन्ही गावांचा कायदाच तो. करीला लागलेल्या गोट्याची कोणी तक्रार करत नाही, कोणी वैर धरत नाही, दुसऱ्या दिवशी दोन्हीकडची माणसं एकमेकांकडे चहा प्यायला जातात. खुद्द श्रावणनेही तो कायदा मानला. मानला नाही तो चंद्रकलाबाईने. तिने नवऱ्याला वेळेवर जेवू घातलं, संत्र्याच्या बगीच्यात त्याच्याबरोबर राबली, पण त्याच्या एकाही गमतीला ती पुन्हा हसली नाही. तोही तिला सोडत नव्हता. "सावरगावची अवदसा" हे तिचं घरातलं नाव होतं.

त्यांचा एकुलता एक पोट्टा प्रकाश मॅट्रिकला गेला, खांदे भरले, आवाज फुटला. नागपंचमीच्या दिवशी तुळशीराम ओट्यावर बसला होता, शेजारी त्याचा जुना जोडीदार भैय्याजी. तुळशीराम मोठ्याने म्हणाला, "औंदा माहा पोट्टा उतरन नदीत. माहा गुडघा गेला, पन नाव तं चाललं पायजे."

आत चंद्रकलाबाईच्या हातून पाण्याने भरलेला गंज निसटला. बाहेर प्रकाश खाली मान घालून हसत होता. बगीच्यात तो गोफणीचा सराव करून राहिला होता, हे तिला ठाऊक होतं. कच्ची संत्री पडलेली दिसत होती नं झाडाखाली! तिने नवऱ्याला समजावलं, रागावली, दोन दिवस जेवली नाही. तुळशीराम म्हणाला, "नको जेवू. तांदूळ वाचतीन."

राखीला तिची बहीण उर्मिला सौसरहून आली. श्रावणही आला. बहिणीला बांगड्या भरायच्या म्हणून तो प्रकाशला घेऊन कासाराकडे गेला, कारण एका डोळ्याने त्याला दिव्याच्या उजेडात रंग उमजत नसे. प्रकाशने रंग निवडला. मोरपंखी, मधात सोनेरी टिकल्या. असा रंग गावात कोणाच्या हातात नव्हता. चंद्रकलाबाईने त्या कागदात गुंडाळून पेटीत ठेवल्या, महालक्ष्म्या बसतील तेव्हा घालू म्हणून.

जेवताना उर्मिलाने नागपूरच्या नव्या सापाच्या बागेची गोष्ट काढली. तिचा नवरा शाळेच्या पोरांना घेऊन पाहून आला होता. "काचेच्या मांग नाग म्हनू नको, घोनस म्हनू नको, हा एवढा अजगर! मगर, घोरपड, सारं सरपटनारं. लोकं तिकीट काढून पाहून राहिले."

"घरात फुकट निंघते, त्याले तिकीट काहाले?" अंबाबाई म्हणाली. अंबाबाई म्हणजे सासू. तिला जगातलं काहीच नवं पसंत नव्हतं, आणि सून तर जुनी होऊनही पसंत नव्हती.

सगळे हसले. चंद्रकलाबाई हसली नाही. तिच्या डोक्यात चक्र फिरू लागलं होतं. तुळशीरामला जगात एकाच गोष्टीचं भेव होतं आणि ती गोष्ट साप. एकदा बगीच्याच्या पंपघरात धामण निघाली तर हा झेंडा आणणारा बहाद्दर नुसत्या लंगोटावर घरापर्यंत पळत आला होता, आणि लोकांना सांगितलं लांडगा दिसला. लांडगा पंपघरात काय मोटर चालू करायला आला होता? गावाला सगळं माहीत होतं, फक्त तोंडावर कोणी बोलत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर भैय्याजी आणि आणखी दोघं-तिघं बसलेले पाहून ती चहा घेऊन मुद्दाम स्वतः बाहेर आली.

"अजी, उर्मिला बलावून राहिली. नागपूरले सापाची बाग पाहाले सारे घरचे जाऊ म्हनते. मी म्हटलं, नको बाप्पा, आमच्या घरी चालत नाही."

"काहून चालत नाही?" भैय्याजीने विचारलं.

"यायले भेव वाटते," तिने नवऱ्याकडे हनुवटीने दाखवलं.

तुळशीरामचा चहा बशीतच राहिला. "कोनाले भेव वाटते?"

"मंग चलान?"

"चलतो! तू म्हनशीन त्या दिवशी चलतो. मगरीच्या जबड्यात हात घालून दाखवतो!"

"भैय्याजी, तुमी आयकलं नं?" एवढं बोलून ती रिकामे कप घेऊन आत गेली.

दिवस तिने पोळा चार दिवसांवर आला तेव्हा सांगितला. करीचा. तुळशीरामच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला आणि आलं तेव्हा त्याने कोपऱ्यातलं पितळी गंगाळ लाथेने उडवलं. "माह्या पोट्ट्याले पळवून नेतं काय तू? गावात तोंड दाखवाले जागा ठेवत नाही काय माले?"

"तोंड तुमचं आहे, दाखवाचं तं दाखवा, नाही तं झाका. मले पोट्ट्याचे दोन डोये पायजेत."

"मी येत नाही आन् तोही येत नाही."

"तुमी नका येऊ. भैय्याजीले सांगतो मी, अजगर पाहून भेले म्हनून."

भांडण दोन दिवस चाललं. तुळशीरामला तिसऱ्या दिवशी एक हुकमी पान सापडलं. करीला गावाची शीव ओलांडत नाहीत, ही घराण्याची रीत. करीला बाहेर पडलेला माणूस संकट घेऊन घरी येतो. त्याने ते अंबाबाईकडून वदवून घ्यायचं ठरवलं. "सांग वं माय हिले, करीले शीव ओलांडतेत काय?"

अंबाबाई जात्याजवळ डाळ निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "नाही ओलांडत. मी सून होऊन आली तवापासून या घरात कोनी ओलांडली नाही."

तुळशीरामने बायकोकडे पाहून मिशीला हात लावला. चंद्रकलाबाईने एवढा सापळा रचला, आणि म्हातारीने एका वाक्यात मोडला.

तुळशीराम बाहेर गेला तशी अंबाबाईने सूप खाली ठेवलं. "करीले शीव ओलांडू नाही. पोळ्याले ओलांडली तं? मंग करीले तू बाहेरच असशीन. कोनती शीव अन् कोनतं काय?"

चंद्रकलाबाई तिच्यापाशी सरकली. "पन आत्याबाई, पोळ्याले बैलाची आरती कोन करन?"

"माहे हात झडले काय? बैल तू यायच्या आंधीपासून ओवाळून राहिली मी." मग म्हातारीचा आवाज एकदम खाली आला. "तुळशाचं डोकं फुटून यायचं तवा हळद दाबत हेच हात बसत. तुह्यासाठी नाही सांगून राहिली, समजली? तू मले तशीही आवडत नाही. पोट्ट्यासाठी सांगतो."

मग कारण तयार झालं. प्रकाश मॅट्रिकला पोचला तर जामसांवळीच्या मारुतीला नारळ फोडीन, असा चंद्रकलाबाईचा नवस होता. तो खरंच केला होता की पोळ्याच्या आदल्या दिवशी सुचला, ते तिथल्या आडव्या मूर्तीच्या, निजलेल्या मारुतीलाच माहीत. देवाच्या नावाला तुळशीराम आडवा जाऊ शकत नव्हता. "संध्याकाळच्या मोटारीनं वापस या," त्याने बजावलं. प्रकाशलाही तेच सांगितलं. पोट्टा भोळा, गोफण घरीच खुंटीला अडकवून निघाला.

पोळ्याच्या संध्याकाळी मोटार कुठून असायची? ड्रायव्हर काय, कंडक्टर काय, सगळ्यांच्या घरी बैल. जामसांवळीला नारळ फुटला, प्रसाद वाटला, आणि रस्त्यावर उभं राहून राहून प्रकाशचं तोंड उतरत गेलं. मिळाली ती सौसरकडे जाणारी गाडी. उर्मिलाच्या दारात पाय ठेवला तेव्हा त्याला सगळं कळलं.

"तुले माहीत होतं," तो म्हणाला. "मोटार नसते हे तुले माहीत होतं."

"होतं."

"तू सावरगावचीच राहिली, माय. पांढुर्ण्याचा एक गडी कमी केला तुनं. मामानं सांगितलं अशीन!"

उर्मिला मधे पडायला गेली तर चंद्रकलाबाईने तिला हाताने थांबवलं. बोलू दे, तिने मनात म्हटलं. शिव्या देणारं तोंड शाबूत आहे, हे काय कमी आहे? पण पोराचं ते वाक्य तिला फार लागलं. इतकी वर्षं नवरा तेच म्हणत होता, आता त्याच घरातून दुसरा आवाज आला. तिने पदराने तोंड पुसलं आणि उर्मिलाला पोळ्या लाटायला मदत करायला बसली.

सकाळी बोरगाव, लोधीखेडा मागे टाकत नागपूरची बस धावली. प्रकाश खिडकीशी, मायकडे पाठ करून. सापाच्या बागेतही तो तिच्यापासून दहा हात लांबच. काचेमागे नाग वेटोळं करून पडला होता. घोणस पाचोळ्यात पडलेली, पाहूनही दिसत नव्हती. अजगर म्हणजे तर निव्वळ आळस. एक कर्मचारी धामण हातात घेऊन लोकांना सांगत होता, ही विषारी नाही, उंदीर खाते, शेतकऱ्याची दोस्त आहे. आणि कोणताही साप उगाच चावत नाही, पाय पडला तर चावतो, नाही तर आपल्या वाटेने निघून जातो.

"मंग आमच्या गावच्या मानसाहून बरा," चंद्रकलाबाई मोठ्याने म्हणाली. चार लोक हसले. प्रकाशने तिच्याकडे जळजळीत पाहिलं.

कर्मचारी म्हणाला, हात लावून पाहायचा आहे कोणाला? लोक मागे सरकले. प्रकाश पुढे झाला. मायवरचा राग कुठेतरी काढायचा होता पोराला. त्याने धामण दोन्ही हातांत घेतली, ती त्याच्या मनगटाभोवती हळूच फिरली. चंद्रकलाबाई दोन पावलं मागे सरली. भेव तर तिलाही वाटत होतं. नवऱ्याला वाटणारं भेव आणि तिला वाटणारं भेव यांत फरक एवढाच की ती ते लपवत नव्हती.

"बाबानं घेतली असती काय हातात?" परतताना प्रकाशने पहिल्यांदा तोंड उघडलं.

"त्यायलेच विचार," ती म्हणाली. फाटकाबाहेर एक माणूस बांबूचे सांधेवाले साप विकत होता, शेपूट धरलं की वळवळणारे. तिने एक घेतला.

रात्र त्यांनी पुन्हा सौसरलाच काढली आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत पांढुर्ण्याला उतरले. मोटारस्टँडवरच बातमी कळली. गुलाब, प्रकाशच्या वर्गातला, बाजूच्याच गल्लीतला, त्याला डोक्याला टाके घालून नागपूरला नेलं होतं. शुद्ध अजून नव्हती. ते दोघं सोबत उतरणार होते नदीत. आता प्रकाश मायच्या पुढे न चालता बरोबरीने चालू लागला.

घराच्या दाराच्या कडीला सुतळीने बांगड्या लटकवल्या होत्या. करीला जो नदीवर आला नाही त्याच्या दाराला बांगड्या बांधतात, हीही गावाची एक रीत. आत ओसरीत खाटेवर तुळशीराम, समोर भैय्याजी आणि दोघं जण, पानाची चंची मधात.

"या, या, सरदार आले!" तुळशीराम म्हणाला. "दारावर पाह्यलं नं? गावानं देल्या. गावाचं तोंड मी नाही धरू शकत. भेकाड पोट्ट्याचा बाप म्हनून बसलो आहे इथी."

प्रकाशने सुतळी तोडली आणि बांगड्या हातात घेऊन उंबऱ्यातच उभा राहिला.

चंद्रकलाबाईने पिशवीत हात घातला. "भेकाड कोन ते पाहू," ती म्हणाली आणि बांबूचा साप नवऱ्याच्या मांडीवर सोडला. साप वळवळला. तुळशीराम ओरडत खाटेवर उभा राहिला, धोतराचा सोगा सुटला, डोकं छताच्या लाकडी बल्लीला आदळलं. भैय्याजीने तोंडात पान असताना हसू दाबायचा प्रयत्न केला आणि ते त्याच्या सदऱ्यावर आलं. बाकीच्या दोघांनी तर हसू दाबलंही नाही. आतून अंबाबाईचा आवाज आला, "काय वं, लांडगा आला काय?"

"हस!" तुळशीराम गरजला. गुडघा एकदम बरा झाला असावा, खाटेवरून उडी मारून खाली आला. "हसून घे! पन गावानं त्या बांगड्या तुह्या लेकाले बांधल्या आहेत, मले नाही! जलमभर पुरतीन त्याले!"

एकटा प्रकाश हसत नव्हता. तो बांगड्या उजेडात धरून फिरवून फिरवून बघत होता. मोरपंखी, मधात सोनेरी टिकल्या. चंद्रकलाबाईने त्या दारातच ओळखल्या होत्या. पेटी उघडून तिचाच कागद कोणी सोडला असेल हे सांगायला ज्योतिषी नको होता. ती बोलणारच होती, शब्द जिभेवर आले होते, पण पोराचं तोंड पाहून तिने ते गिळले.

"बाबा," प्रकाश म्हणाला, "मामाचा डोया कोनाच्या गोट्यानं गेला?"

पुन्हा गोटमारीचा विषय निघाल्यावर तुळशीरामच्या जिवात जीव आला. हे उत्तर त्याला पाठ होतं. त्याने धोतराचा सोगा खोचला, खाटेवर नीट बसला. "येडा आहे काय? गोट्याले नाव नसते."

"बांगडीले असते," प्रकाश म्हणाला. "ह्या मायच्या आहेत. रंग मी पसंत केला होता."

त्याने त्या बांगड्या वडिलांच्या मांडीवर नाही ठेवल्या. मायचा हात धरून तिच्या मनगटात एकेक चढवल्या, सगळ्यांच्या देखत. भैय्याजीने चंची उचलली आणि तुळशीरामकडे न बघता उठला. त्याच्या मागे बाकीचे दोघंही वहाणा घालून निघून गेले.